'प्रेस गँग'मधला 'प्रेस' मुळात दाबणारा नव्हता

अठराव्या शतकातल्या ब्रिटिश आरमारी जहाजाचा हजेरीपट उघडला की प्रत्येक खलाशाच्या नावाभोवती रकान्यांची गर्दी दिसते. जहाजावर कधी रुजू झाला, वय काय, जन्म कुठला, हुद्दा कोणता. पळून गेला असेल तर 'आर' हे अक्षर, नोकरीत असताना मेला असेल तर 'डीडी'. याच रांगेत एका रकान्याचं शीर्षक असतं, 'कुठून आला आणि प्रेस्ट आहे की नाही'. स्वखुशीने आलेल्याच्या पुढे 'व्हॉल', म्हणजे व्हॉलंटिअर. जबरदस्तीने आणलेल्याच्या पुढे 'प्रेस्ट'.

शेवटच्या 'ट'कडे लक्ष द्या. माणसाला दाबून, रेटून आणलं म्हणून 'प्रेस', असं आपण सहज धरून चालतो. वर्तमानपत्रांचा प्रेस, उसाचा रस काढायचा प्रेस आणि खलाशी पकडणारी प्रेस गँग, सगळी एकाच घरातली भावंडं वाटतात. पण पहिल्या दोघांचं मूळ लॅटिनमधल्या 'प्रेमेरे' म्हणजे दाबणे या धातूत आहे. तिसऱ्याचा त्या घराशी जन्माने काही संबंध नाही. तो नंतर तिथे दत्तक गेला.

लॅटिनमध्ये 'प्रेस्तारे' असं वेगळं क्रियापद होतं. समोर उभं राहणं, त्यावरून हमी घेणं, त्यावरून पुरवणं किंवा देणं, असे त्याचे अर्थ वाढत गेले. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचं 'प्रेस्टेर' झालं आणि अर्थ स्थिरावला उसनं देण्यावर. आजही फ्रेंचमध्ये कर्जाला 'प्रे' म्हणतात आणि इटालियनमध्ये 'प्रेस्तितो'. हाच शब्द इंग्रजीत 'प्रेस्ट' होऊन आला. त्याचा अर्थ आगाऊ रक्कम. मराठीत त्याला नेमका शब्द आहे, उचल.

राजाला सैन्य किंवा आरमार उभं करायचं असलं की त्याचे अधिकारी माणसं ठरवत आणि प्रत्येकाच्या हातावर थोडी रक्कम ठेवत. हा 'प्रेस्ट मनी'. ती घेतली की करार पक्का. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या ठिकाणी हजर होण्याची जबाबदारी त्या माणसावर आली. वाटखर्चासाठी 'कंडक्ट मनी' वेगळा मिळे. म्हणजे 'प्रेस्ट' झालेला माणूस हा उचल घेऊन बांधला गेलेला माणूस होता. शब्दात बळजबरी कुठेच नव्हती, होता तो व्यवहार.

मग 'प्रेस्ट'चा 'प्रेस' कसा झाला? पहिलं काम जिभेनं केलं. 'पोस्टमन' हा शब्द भरभर पाच वेळा म्हणून पाहा. तिसऱ्या खेपेपर्यंत 'पोसमन' झालेला असेल. 'स', 'ट' आणि 'म' अशी तीन व्यंजनं लागोपाठ आली की मधला 'ट' उच्चारायला जिभेला वेळच मिळत नाही. 'ख्रिसमस'च्या इंग्रजी लेखनात 'ट' आजही आहे, पण तो कुणी उच्चारत नाही, त्याचं कारण हेच. 'प्रेस्ट मनी' आणि 'प्रेस्ट मॅन' या दोन्ही जोड्यांत नेमकी हीच अडचण होती. बोलताना ते 'प्रेस मनी' आणि 'प्रेस मॅन' झाले.

दुसरं काम लेखनानं केलं. दाबणे या अर्थाच्या 'प्रेस'चं भूतकाळी रूप त्या काळात अनेकदा शेवटी 'ट' लावूनच लिहीत. त्यामुळे 'अमुक माणूस प्रेस्ट झाला' हे वाक्य दोन प्रकारे वाचता येई. त्याला उचल दिली, किंवा त्याला दाबलं. ज्याला पहिला अर्थ ठाऊक नव्हता त्याने 'प्रेस्ट' हे भूतकाळाचं रूप मानलं आणि त्यावरून मागे जाऊन 'प्रेस' हे मूळ क्रियापद काढलं. सोळाव्या शतकात हे नवं क्रियापद वापरात दिसू लागतं.

अनोळखी शब्दाला ओळखीच्या शब्दाचा पोशाख चढवण्याच्या या प्रक्रियेला भाषाशास्त्रात लोकव्युत्पत्ती म्हणतात. अ‍ॅस्परॅगस या भाजीचं नाव सामान्य इंग्रजांना कळेना, तेव्हा त्यांनी तिचं 'स्पॅरोग्रास', म्हणजे चिमणीचं गवत केलं. तिथे चिमणीचा काही संबंध नव्हता, आणि म्हणूनच तो शब्द प्रमाण भाषेत टिकला नाही. 'प्रेस' मात्र टिकला. माझ्या मते त्याचं खरं कारण तिसरं आहे. दरम्यान प्रत्यक्ष व्यवहारच बदलला होता. चुकीची व्युत्पत्ती वस्तुस्थितीला तंतोतंत लागू पडू लागली, मग ती दुरुस्त कोण करणार?

हा बदल किती हळू झाला याचा पुरावा सॅम्युअल पीप्सच्या रोजनिशीत आहे. पीप्स आरमाराच्या कचेरीतला वरिष्ठ अधिकारी होता. १ जुलै १६६६ च्या नोंदीत तो पकडून आणलेल्या गरीब कष्टकऱ्यांबद्दल आणि त्यांच्या रडणाऱ्या बायकांबद्दल लिहितो. या माणसांना प्रेस मनी न देताच नेलं, हे सगळ्या कायद्याविरुद्ध आहे, अशी त्याची तक्रार आहे. या सगळ्याला तो मोठा जुलूम म्हणतो. म्हणजे 'ट' गळून गेला होता, माणसं ओढून नेली जात होती, तरी कायदेशीरपणा अजून त्या हातावर टेकवलेल्या नाण्यात होता. उचल न देता नेणं म्हणजे नुसतं पळवून नेणं, एवढी जुन्या अर्थाची आठवण शिल्लक होती.

पुढच्या शतकात तीही पुसट झाली, आणि त्यामागे पैशांचंच कारण होतं. कसलेल्या खलाशाचा आरमारातला पगार १६५३ मध्ये २८ दिवसांच्या महिन्याला २४ शिलिंग ठरला. तो १७९७ पर्यंत बदललाच नाही. त्या वर्षी स्पिटहेडच्या नांगरतळावरच्या आरमारी ताफ्याने बंड केलं, तेव्हा कुठे वाढ मिळाली. युद्ध सुरू झालं की व्यापारी जहाजांवरचे पगार भराभर चढत, आरमाराचा तिथेच राही. शिडांवर चढणारा, वाऱ्यावर डोलकाठीच्या टोकाशी काम करणारा खलाशी तयार व्हायला काही वर्षं लागतात. शेतातून उचललेला माणूस तिथे उपयोगाचा नाही. हवी ती माणसं व्यापारी जहाजांवर होती आणि ती आपणहून येणार नव्हती.

म्हणून प्रेस गँगचं लक्ष्य खलाशी, होडीवाले, नदीत नावा चालवणारे असे पाण्यावरचे लोक. आरमार खात्याचा हुकूमनामा एका अधिकाऱ्याच्या नावे निघे, तो टोळी घेऊन बंदरातल्या एखाद्या खानावळीत ठाण मांडी. या ठाण्याला 'राँदेव्हू' म्हणत. १७४० च्या कायद्याने १८ वर्षांखालच्यांना आणि ५५ वर्षांच्या वरच्यांना सूट होती. ज्यांना सूट असे त्यांच्याजवळ 'प्रोटेक्शन' नावाचा कागद असे आणि त्यात धारकाचं वर्णन लिहिलेलं असे. घोळ इथेच होई. कागद घरी राहिला किंवा वर्णन जुळलं नाही, तर माणूस गेलाच. निकडीच्या वेळी 'हॉट प्रेस'चा हुकूम निघे आणि एरवी चालणारे कागदही चालत नसत. सर्वांत मोठी भरती किनाऱ्यावर नव्हे तर समुद्रातच, परतणाऱ्या व्यापारी जहाजांवरून होई. महिनोन् महिने बाहेर राहिलेला खलाशी घरचा किनारा दिसत असताना आरमारी जहाजावर चढवला जाई. यापेक्षा क्रूर क्षण निवडणं कठीण, पण हिशेबाने तोच सोयीचा होता. माणूस अनुभवी, आणि माल पोहोचत आल्याने जहाजमालकाचं नुकसान कमी.

नियम मोडला तर न्यायालय काय करी, याचं एक उदाहरण ब्रिस्टलचं आहे. १७४३ मध्ये अलेक्झांडर ब्रॉडफूट या खलाशाने आपल्याला धरायला आलेल्या टोळीतल्या एकाला गोळी घातली. न्यायाधीश मायकेल फॉस्टर यांनी खलाशांची सक्तीची भरती ही कायदेशीरच आहे, असं ठणकावून सांगितलं. पण हुकूमनामा ज्या लेफ्टनंटच्या नावे होता तो टोळीबरोबर नव्हता, म्हणून ती धरपकड बेकायदा ठरली आणि ब्रॉडफूटवरचा गुन्हा खुनावरून सदोष मनुष्यवधावर आला.

हजेरीपटातल्या 'व्हॉल'वरही फार विसंबू नये. पकडलेल्या माणसाला बरेचदा विचारलं जाई की आता स्वखुशीने नाव घालतोस का. हो म्हटलं तर स्वयंसेवकाचं बक्षीस मिळे. सुटका तर होणारच नाही, मग पैसे का सोडा, असा विचार करून अनेक जण हो म्हणत. त्यामुळे निव्वळ त्या रकान्यावरून सक्तीचं प्रमाण मोजलं तर ते खऱ्यापेक्षा कमीच भरतं.

एक दंतकथा मात्र बाजूला काढायला हवी. बिअरच्या पेल्यात गुपचूप राजाचं शिलिंग टाकत, खलाशाने पेला रिकामा केला की 'तू उचल घेतलीस' म्हणून त्याला नेत, आणि म्हणून पेल्यांना काचेचे तळ आले, अशी गोष्ट सांगतात. ज्या टोळीला माणूस उघड धरून नेण्याचा अधिकार होता तिला असल्या युक्तीची गरजच काय? पण गोष्ट खोटी असली तरी तिचा गाभा बोलका आहे. नाणं हातात पडलं की माणूस बांधला गेला, ही 'प्रेस्ट'ची जुनी कल्पना लोकांच्या मनात कुठेतरी तग धरून होती.

अमेरिकन जहाजं अडवून त्यांवरचे खलाशी नेण्यावरून वाद पेटला आणि १८१२ च्या ब्रिटन-अमेरिका युद्धाच्या कारणांत 'इम्प्रेसमेंट', म्हणजे सक्तीची भरती, हा शब्द ठळकपणे आला. १८१५ मध्ये नेपोलियनशी चाललेली युद्धं संपली, तशी प्रत्यक्षातली धरपकड थांबली. कायदा लगेच गेला नाही. १८३५ मध्ये अशा सक्तीच्या नोकरीला ५ वर्षांची मर्यादा घातली गेली, आणि १८५३ पासून आरमारात ठरावीक मुदतीची नियमित नोकरी आली. आज इंग्रजीत मित्राने आग्रहाने नाटकात काम करायला लावलं तरी 'मला प्रेस गँग केलं' म्हणतात. मराठीत हे अनोळखी नाही. संस्कृत 'विष्टि'वरून आलेली वेठ म्हणजे मोबदल्याविना राबणं, आणि आता 'वेठीस धरलं' हे बंद पडलेल्या बसबद्दलही म्हणतात. धाक गेला की शब्द सैल होतो.

जमिनीवरच्या सैन्यातल्या सक्तीच्या भरतीचा शब्द वेगळ्या वाटेने आला. 'कॉन्स्क्रिप्शन' म्हणजे शब्दशः एकत्र लिहिणे, यादीत नाव चढवणे. रोममध्ये सिनेटच्या सभासदांना 'पात्रेस कॉन्स्क्रिप्ती' असं आदराने संबोधत, म्हणजे यादीत नाव असणं हा मान होता. ५ सप्टेंबर १७९८ च्या कायद्याने फ्रान्सने २० ते २५ वयाच्या तरुणांच्या याद्या करायला घेतल्या आणि हा शब्द आधुनिक अर्थाने घरोघर पोहोचला. नेपोलियनच्या काळात या याद्यांतून इतकी मुलं गेली, की १८१४ मध्ये गादीवर परतलेल्या राजाने, अठराव्या लुईने, आपल्या सनदेच्या १२ व्या कलमात लिहिलं, 'कॉन्स्क्रिप्शन रद्द करण्यात आले आहे.' चारच वर्षांनी, १८१८ च्या कायद्याने चिठ्ठ्या काढून माणसं घेणं पुन्हा सुरू झालं. शब्द तेवढा टाळला.

अमेरिकेत 'ड्राफ्ट' रुळला. मुळात ओढणे. बँकेचा ड्राफ्ट आणि पिंपातून ओढलेली ड्राफ्ट बिअर हे याच कुटुंबातले. यादवी युद्धातल्या १८६३ च्या कायद्यात ३०० डॉलर भरून सुटता येत होतं, त्यावरून न्यूयॉर्कमध्ये जुलैत रक्तरंजित दंगली झाल्या आणि शब्दाला डाग लागला. १९१७ मध्ये कायदा करताना त्याला 'सिलेक्टिव्ह सर्व्हिस' म्हटलं, निवडक सेवा. सक्ती तीच, नाव निवडीचं.

आणि 'प्रेस्ट'? तो मेला नाही. हिशेबाच्या जगात तो 'इम्प्रेस्ट' म्हणून आजही 'ट'सकट जिवंत आहे. किरकोळ खर्चासाठी एका माणसाकडे ठरावीक रक्कम आगाऊ ठेवतात, समजा ५,०००. आठवड्यात ३,२०० खर्च झाले तर त्याच्याकडे तेवढ्या रकमेच्या पावत्या आणि १,८०० रोख असायला हवेत. पावत्या जमा केल्या की नेमके ३,२०० परत मिळतात आणि पेटी पुन्हा ५,००० वर येते. पावती न घेता पैसे दिले की बेरीज तुटते, आणि फरक ज्याने उचल घेतली त्याच्या अंगावर येतो.