शिंदेन, म्हणजे ते पंखा मागे असलेलं दुसऱ्या महायुद्धातलं जपानी फायटर विमान, आलं कुठून

आधी नावाचं सांगतो, ते शिंदेन आहे, शिंदे नाही. जपानी नेव्हीत जमिनीवरून उडणाऱ्या इंटरसेप्टरच्या, म्हणजे शत्रूची विमानं अडवणाऱ्या फायटरच्या, नावात 'देन' घालायची पद्धत होती, देन म्हणजे वीज, म्हणून रायदेन, शिदेन आणि मग हे शिंदेन. फोटो बघितला की पहिल्यांदा वाटतं विमान उलटं उभं केलंय, छोटे पंख नाकापाशी, मोठे मागे आणि सहा पात्यांचा पंखा पार शेवटी. या रचनेला कनार्ड म्हणतात.

डोकं मासाओकी त्सुरुनो या नेव्हीच्या ऑफिसरचं, योकोसुकाच्या टेक्निकल आर्सेनलमधला, म्हणजे नेव्हीची विमानं विकसित करणाऱ्या संस्थेतला, माणूस. त्याचा हिशोब सरळ होता, इंजिन पायलटच्या मागे टाकलं की नाक मोकळं होतं आणि तिथे 30 मिमीच्या चार तोफा शेजारी शेजारी बसतात. पंखातल्या तोफांचा मारा ठरावीक अंतरावर जुळवून घ्यावा लागतो, नाकातल्या सरळ जातात. अशा मांडणीचं विमान उडतं तरी का, हे आधी ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, बनवून बघितलं, आणि ते उडालं.

पण खरी घाई झाली बी-29 या अमेरिकेच्या मोठ्या बॉम्बर विमानांमुळे. जून 1944 मध्ये त्यांनी जपानच्या क्युशू बेटावरच्या यावाताच्या पोलाद कारखान्यावर बॉम्ब टाकले, विमानं चीनमधल्या चेंगदूहून गेली होती, पण त्यांचे मूळ तळ आपल्या बंगालात खरगपूरच्या आसपास होते, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं. बी-29 साडेनऊ किलोमीटर उंचीवरून जाऊ शकायचं, तिथे बहुतेक जपानी फायटरांना धाप लागायची. एका झडपेत ते पाडायचं तर एवढ्या तोफा हव्यातच.

काम मिळालं फुकुओकाच्या क्युशू हिकोकी या कंपनीला, जी तोवर मुख्यतः ट्रेनर (शिकाऊ पायलटांसाठीची) आणि गस्तीची विमानं बनवायची. आणि कमाल म्हणजे पहिलं विमान उडायच्या आधीच नेव्हीने प्रॉडक्शनची ऑर्डर देऊन टाकली, नाकाजिमा या दुसऱ्या विमान कंपनीलाही कामाला जुंपलं. घायकुती दुसरं काय!

जुलै 1945 मध्ये त्सुरुनो स्वतः बसला, नाक वर उचललं आणि पंख्याची टोकं धावपट्टीला घासून वाकली. उपाय काय, तर उभ्या शेपट्यांच्या खाली शिरागिकु ट्रेनरची छोटी चाकं लावली!! मला या अख्ख्या प्रोजेक्टमधली हीच गोष्ट सगळ्यात आवडते, 2000 हॉर्सपॉवरच्या वर ताकदीचं मित्सुबिशी इंजिन आणि खाली दुसऱ्याची उसनी चाकं.

मग 3 ऑगस्टला ते मुशिरोदा तळावरून, म्हणजे आजच्या फुकुओका एअरपोर्टवरून, एकदाचं उडालं. नंतर 6 आणि 8 तारखेला, 6 म्हणजे हिरोशिमाचाच दिवस. सगळं मिळून तासभरही हवेत नव्हतं, चाकंही आत घेतली नव्हती आणि पंख्याच्या पिळामुळे विमान एका बाजूला ओढत होतं. त्यामुळे ताशी 750 किमी वगैरे जे आकडे लोक फेकतात ते कागदावरचे, प्रत्यक्ष कुणी मोजलेले नाहीत. जेट इंजिनवालं शिंदेनही ठरलं होतं, तेही कागदावरच.

युद्ध संपल्यावर अमेरिकन एक विमान घेऊन गेले, त्याचा पुढचा भाग आता वॉशिंग्टनजवळ स्मिथसोनियन म्युझियमच्या उद्वार-हेझी सेंटरमध्ये ठेवलाय. अख्खं बघायचं असेल तर फुकुओकाजवळच्या ताचिआराई म्युझियममध्ये पूर्ण आकाराची प्रतिकृती आहे, ती मात्र एका सिनेमासाठी बनवलेली.