वेळेत सीन लिहिण्याच्या स्पर्धेचा अर्ज: पात्रता, कागदपत्रं आणि घड्याळाचा हिशोब

सोलापुरातल्या नाटकवाल्यांना अर्जांची सवय आहे. राज्य नाट्य स्पर्धा आली की संहितेच्या प्रती, लेखकाचं परवानगीपत्र, नाटकाच्या संहितेला मंजुरी देणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र ही जुळवाजुळव हुतात्मा स्मृती मंदिराच्या आवारात वावरणाऱ्या कुणालाही तोंडपाठ असते. तिथे संहिता आधी तयार होते आणि कागद तिच्या मागून फिरतात. ठरावीक वेळेत पटकथेतला एक सीन लिहून पाठवायच्या स्पर्धेत हा क्रम उलटा असतो. नोंदणी आधी, फी आधी, ओळखपत्र आधी, आणि लिहिणं सगळ्यात शेवटी. विषय जाहीर होईपर्यंत काय लिहायचं हे कुणालाच ठाऊक नसतं आणि तो जाहीर झाला की घड्याळ सुरू झालेलं असतं. परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र इथे लागत नाही, कारण प्रयोग होणार नसतो. बाकी कागदपत्रांचं काम मात्र विषय हातात पडायच्या आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत संपलेलं असावं. चांगला लिहिणारा माणूस अशा स्पर्धेतून बाद होतो तो बहुतेकदा लेखनामुळे नाही, अर्जामुळे.

स्वरूप थोडक्यात असं. आयोजक एक प्रसंग देतात किंवा दोन-तीन अटी: चित्रपटाचा प्रकार, एखादं पात्र, एखादं ठिकाण किंवा वस्तू. त्यावरून अमुक पानांच्या आत सीन लिहायचा. मुदत 24 तास, 48 तास, शनिवार-रविवार अशी काहीही असू शकते. सभागृहात बसवून तास-दीड तासात लिहून घेणाऱ्या स्पर्धाही असतात. न्यूयॉर्कची एनवायसी मिडनाइट ही या पद्धतीची जगभर माहीत असलेली स्पर्धा आहे. तिच्या पटकथा विभागात स्पर्धकांचे गट पाडतात, प्रत्येक गटाला प्रकार, विषय आणि पात्र नेमून देतात, आणि पुढच्या फेरीत गेलात की वेळही कमी होतो, पानंही कमी होतात. भाषा इंग्रजी. मराठीत लिहायचं असेल तर इकडच्या महोत्सवांच्या आणि कॉलेजांच्या स्पर्धा बघाव्या लागतात. त्यांचे नियम दरवर्षी बदलतात, म्हणून गेल्या वर्षीच्या पत्रकावर विसंबून राहू नका.

पात्रता

वयाची अट पहिल्यांदा बघा. भारतात 18 वर्षांखालच्या व्यक्तीने केलेला करार कायद्याने ग्राह्य धरत नाहीत, आणि स्पर्धेचे नियम मान्य करणं हाही एक करारच. त्यामुळे अकरावी-बारावीच्या मुलांना बहुतेक ठिकाणी एक तर प्रवेश नसतो, किंवा आई-वडिलांच्या सहीचं संमतीपत्र जोडावं लागतं. विद्यार्थी गटातून उतरणाऱ्यांकडून चालू वर्षाचं बोनाफाईड मागतात. विद्यापीठातून किंवा कॉलेजातून ते लगेच मिळेलच असं नाही, मध्ये सुट्ट्या येतात, गड्ड्याची यात्रा येते. तेव्हा आधीच काढून ठेवा.

दुसरी अट हौशी की व्यावसायिक ही. लेखनातून अमुक रकमेपेक्षा जास्त कमाई केलेल्यांना काही स्पर्धा घेत नाहीत. मालिकेसाठी दोन-चार भाग लिहून दिले असतील आणि पडद्यावर नाव आलं नसेल, तरी पैसे घेतले म्हणजे ती कमाई धरली जाऊ शकते. शंका असली तर आयोजकांना मेल करून विचारा आणि उत्तर जपून ठेवा. फोनवरच्या 'चालतंय की, भरा' याला पुढे काही किंमत नसते. आयोजकांचे कर्मचारी, परीक्षक आणि त्यांचे नातलग यांना बहुतेक स्पर्धांत मनाई असते.

दोघांनी मिळून लिहायचं असेल तर ते नोंदणीच्या वेळीच सांगावं लागतं. एकाच्या नावाने अर्ज भरून नंतर मित्राचं नाव घुसवता येत नाही. अलीकडे बऱ्याच नियमांत एआयबद्दलही कलम असतं. 'फक्त शुद्धलेखन तपासलं' हे चालतं का, तेही तिथेच लिहिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय खाली टिक करू नका.

कागदपत्रं

यादी छोटी आहे. ओळख आणि वयासाठी आधार, बक्षिसासाठी पॅन आणि बँक खात्याचा तपशील (बहुधा रद्द केलेला धनादेश), पासपोर्ट साईज फोटो, सीन स्वतःचा असल्याचं स्वघोषणापत्र, आणि लागू असेल तसं बोनाफाईड, पालकांची संमती, सहलेखकाची संमती. आधार पाठवताना मास्क्ड आधार पाठवा. यूआयडीएआयच्या साईटवरून तो डाउनलोड होतो आणि त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. ओळख पटवायला तेवढं पुरतं.

अडतं ते नावापाशी. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी पद्धत. परदेशी फॉर्मला फक्त पहिलं आणि शेवटचं नाव हवं असतं. त्यात सोलापूरच्या पूर्वभागातल्या तेलुगू घरांमध्ये किंवा अक्कलकोटकडच्या कन्नड घरांमध्ये एकाच आडनावाचं रोमन स्पेलिंग आधारवर एक, पॅनवर दुसरं आणि बँकेत तिसरं असतं. सीन पाठवताना याने काही बिघडत नाही. बक्षीस लागलं की बिघडतं, कारण पैसे ज्या नावाने यायचे ते खात्याशी जुळत नाही. फॉर्मवर तेच स्पेलिंग लिहा जे बँकेत आणि पॅनवर आहे. ती दोन आपसात जुळत नसतील तर दुरुस्ती आत्ताच टाका. पडद्यासाठी टोपणनाव घेतलं असेल तर ते लेखकनाम म्हणून वेगळ्या रकान्यात लिहा.

परदेशी स्पर्धेची फी भरायला यूपीआय सहसा चालत नाही. कार्ड लागतं, आणि कार्डावर परदेशी व्यवहार बंद असतो. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमापासून नवी कार्डं फक्त देशांतर्गत वापरासाठीच सुरू करून देतात, बाकीचं आपण ॲपमधून चालू करायचं. ते करा, मर्यादा ठेवा, फी गेली की पुन्हा बंद करा. अमेरिकेतलं बक्षीस लागलं तर डब्ल्यू-8बेन नावाचा कराचा फॉर्म मागतात. तो 'मी अमेरिकेचा नागरिक किंवा रहिवासी नाही' हे सांगण्यासाठी असतो. पॅन हाताशी असला की तो घरबसल्या भरता येतो.

हक्काचं कलम

नियमावलीत सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच. मी तर फी भरण्याआधी फक्त हेच पान वाचतो, बाकीचं नंतर.

कॉपीराइट कायदा 1957 प्रमाणे सीन लिहून झाला की त्याचा हक्क लेखकाचा. त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. तो हक्क दुसऱ्याला द्यायचा तर ते लेखी आणि सहीनिशी व्हावं लागतं. कलम 19 सांगतं की अशा करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती 5 वर्षं धरायची आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरायचा. आता स्पर्धेच्या नियमांत काय शब्द आहेत ते बघा. 'विजेत्या सीनचं वाचन करण्याचा, तो प्रसिद्ध करण्याचा अधिकार आयोजकांना राहील' हे ठीक आहे, एवढं द्यावंच लागतं. 'आलेल्या सर्व प्रवेशिकांचे सर्व हक्क कायमस्वरूपी आयोजकांचे' असं असेल तर मी सरळ म्हणेन, भरू नका. हरलेल्यांचेही सीन घेऊन ठेवायचे, तेही त्यांच्याकडूनच फी घेऊन, हा व्यवहार कुणाच्या फायद्याचा आहे ते उघड आहे.

एक गैरसमजही काढून टाकावा. विषय सगळ्यांना, निदान गटातल्या सगळ्यांना, एकच मिळतो, म्हणून दुसऱ्याचा सीन तुमच्यासारखा निघणं ही चोरी होत नाही. कायदा कल्पनेला संरक्षण देत नाही, ती ज्या शब्दांत मांडली त्यांना देतो. नोंदणी करायचीच असेल तर ती सीन पाठवल्यानंतर. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनच्या सभासदांना ऑनलाइन नोंदणी करता येते. कॉपीराइट कार्यालयात फॉर्म 14 भरून साहित्यकृतीसाठी 500 रुपये फी लागते आणि हरकतींसाठी 30 दिवस थांबावं लागतं.

घड्याळ

मुदत कुठल्या घड्याळाची, हे नियमांत शोधा. न्यूयॉर्कच्या वेळेने रात्री 11.59 म्हणजे सोलापुरात दुसऱ्या दिवशी सकाळी 9.29, पण ते उन्हाळी वेळेत. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे जातात आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे येतात. त्या मधल्या हिवाळी काळात हीच वेळ आपल्याकडे सकाळी 10.29 होते. लॉस एंजेलिसची स्पर्धा असेल तर अनुक्रमे दुपारी 12.29 आणि 1.29. आपल्याला हे तसं सोयीचंच पडतं, रात्र जागून लिहिलेला सीन सकाळच्या चहानंतर थंड डोक्याने एकदा वाचता येतो.

विषय मेलवर येतो, तेव्हा स्पॅम फोल्डर बघा. स्पर्धेचे दिवस कॅलेंडरवर घालताना नळाला पाणी येण्याचा दिवस कुठला पडतो तेही बघा. हसण्यावारी नेऊ नका, ज्या घरात पाणी तीन-चार दिवसांआड येतं तिथे त्या दोन तासांत कुणी लिहीत नसतं. लाईटचा भरवसा नसेल तर लॅपटॉप पूर्ण चार्ज आणि मोबाइलचा हॉटस्पॉट तपासून ठेवा.

सीनचा कागद कसा दिसावा

इंग्रजीत लिहिणाऱ्यांसाठी नियम ठरलेला आहे. कुरिअर फॉन्ट, 12 पॉइंट, डावीकडे दीड इंच समास. असं मांडलं की एक पान म्हणजे साधारण पडद्यावरचं एक मिनिट, आणि पानांची मर्यादा त्याच हिशोबाने घातलेली असते. फॉन्ट बारीक करून, समास आवळून सहा पानांचं पाच केलं की परीक्षकांच्या ते पहिल्या नजरेत ध्यानात येतं. ट्रेल्बी हे सॉफ्टवेअर फुकट आहे, तेवढ्यात काम भागतं.

मराठीत पानाला एक मिनिट हा हिशोब काटेकोर बसत नाही, म्हणून आयोजक कधी शब्दमर्यादा देतात, कधी नुसतीच पानं. टायपिंग मात्र युनिकोडमध्येच करा. गावात डीटीपीवाल्याकडे दिलं तर तो त्याच्या सवयीने श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये करून देतो, आणि ती फाईल त्या फॉन्टशिवाय दुसऱ्या संगणकावर उघडली की सगळ्याच अक्षरांच्या जागी काहीतरी भलतीच चिन्हं उमटतात. शेवटी पीडीएफ करायची आणि ती दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडून जोडाक्षरं बघायची.

समजा, प्रकार थरार आणि वस्तू कुलूप असं आलं, तर कागदावर ते असं दिसेल:

इंट. यंत्रमागाचा कारखाना, अक्कलकोट रोड एमआयडीसी – रात्र

माग बंद. एका मागावर अर्धी विणलेली चादर. मास्तर (58) शटरला आतून कुलूप घालतो. किल्ली खिशाकडे नेतो, थांबतो, जेवणाच्या डब्यात टाकून झाकण दाबतो.

मास्तर
(स्वतःशीच)
आता बघू कोण येतंय.

बाहेरून शटरवर थाप. मास्तर दिवा मालवतो.

आवाज
(बाहेरून)
मास्तर, दुसरी किल्ली माझ्याकडं हाय.

पहिल्या ओळीत आत की बाहेर ('इंट.' म्हणजे इंटिरियर, आतलं दृश्य), ठिकाण आणि वेळ. वर्णनात फक्त जे दिसतं आणि ऐकू येतं ते. 'मास्तर आतून हादरला होता' हे कॅमेऱ्याला दिसत नाही, किल्ली डब्यात टाकताना दिसते. नेमून दिलेली वस्तूही नुसती कोपऱ्यात पडून असू नये. कुलूप काढलं तर प्रसंग कोसळला पाहिजे, कारण अटी पाळल्या का याला परीक्षणात वेगळं वजन असतं. एरवी छान असलेले सीन इथेच मार खातात. संवादात सोलापुरी बोली खुशाल वापरा, वर्णन प्रमाण मराठीत ठेवा.

पाठवताना आणि नंतर

बहुतेक स्पर्धांत परीक्षकांना लेखकाचं नाव कळू देत नाहीत. त्यामुळे सीनच्या पानांवर नाव, फोन, कॉलेज काही नको, फक्त मिळालेला प्रवेशिका क्रमांक. नाव आणखी एका जागी लपलेलं असतं: वर्डमधून पीडीएफ केली की फाईलच्या प्रॉपर्टीजमध्ये लेखक म्हणून संगणकाच्या मालकाचं नाव जातं. ते पुसून टाका. फाईलचं नाव नियमात सांगितलंय तसंच ठेवा, 'फायनल फायनल 2' नको. शीर्षकाचं पान मर्यादेत धरतात की नाही तेही बघून घ्या.

मुदतीच्या तासभर आधी अपलोड करा. शेवटच्या दहा मिनिटांत सगळ्यांचीच गर्दी होते. पोच आली की तिचा स्क्रीनशॉट आणि फी भरल्याचा यूटीआर, म्हणजे बँकेचा व्यवहार क्रमांक एकत्र ठेवा. पोच न येता पानच अडकलं तर लगेच, मुदतीच्या आत, आयोजकांना फाईल जोडून मेल करा. त्या मेलवरची वेळ हाच तुमचा पुरावा असतो.

निकालाआधी निवड यादी लागते आणि मूळ ओळखपत्रं तेव्हा मागतात. उत्तरासाठी दोन-तीन दिवसच असतात, म्हणून अर्जात कॉलेजच्या ग्रुपचा नाही, स्वतः रोज उघडता तो मेल द्या. परीक्षकांचा अभिप्राय मिळणार असेल तर तो साईटवरून उतरवून घ्या, काही साईटवर तो ठरावीक दिवसांनी निघून जातो. तोच सीन दुसऱ्या स्पर्धेला पाठवायचा असेल तर पहिल्या स्पर्धेचा निकाल पूर्ण लागेपर्यंत थांबा. तोवर तो समाजमाध्यमावर टाकू नका, 'पूर्वप्रकाशित' ठरून दोन्हीकडून बाद होईल.