चादरीखालची जखम आणि खिशातला कॅमेरा

पावसाळ्यात सिंधुदुर्गात लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) रुग्ण अत्यवस्थ झाला की घरच्यांपुढे पहिला प्रश्न असतो, ‘इथेच ठेवायचं की गोव्यात बांबोळीच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात न्यायचं?’ लावणीच्या चिखलात उभा असलेला धडधाकट माणूस आठवड्याभरात व्हेंटिलेटरवर जातो. आमच्या मामाचं असंच झालं. सगळी चर्चा मूत्रपिंडाची, प्लेटलेटची. माकडहाडाजवळ, चादरीखाली काय चाललंय ते सिस्टरशिवाय कोण बघणार?

झोपेत आपण नकळत कूस बदलतो. गुंगीच्या औषधाखालचा रुग्ण बदलत नाही. हाड आणि गादीच्या मध्ये मांस चेपतं, केशवाहिन्या मिटतात, रक्त पोचत नाही. रक्तदाब टिकवायला दिलेलं नॉरअ‍ॅड्रेनॅलिन त्वचेच्या वाहिन्या आणखी आवळतं. न्यूमोनिया टाळायला उशाकडची बाजू 30 अंश किंवा जास्तच उचललेली असते. त्यामुळे अंग खाली घसरतं, कातडी मात्र चादरीला चिकटून मागे राहते. त्यात जुलैची कोकणी हवा, दोरीवरचा टॉवेल दोन दिवस वाळत नाही अशी. ओलावलेली कातडी पटकन सोलवटते. आपण याला बेडसोअर म्हणतो. अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी 2016 मध्ये ‘प्रेशर अल्सर’ बदलून ‘प्रेशर इंज्युरी’ केलं, कारण कातडी फाटण्याआधीही आत इजा झालेली असू शकते.

या जखमेचं मोजमाप पुष्कळ ठिकाणी अजून कागदी पट्टीनेच होतं: लांबी गुणिले रुंदी. 6 बाय 4 सेंटिमीटर, म्हणजे 24 चौरस सेंटिमीटर. पण जखम चौकोनी कुठे असते? लंबगोल असेल तर क्षेत्रफळ जेमतेम 19 भरतं. त्यात रात्रपाळीला पट्टी जरा तिरकी धरली गेली, की जखम कागदावर वाढते किंवा भरते. पाठीवर काहीच बदललेलं नसतं.

फोन इथे कामाचा. जखमेशेजारी ठरावीक मापाचा स्टिकर लावून फोटो काढायचा. स्टिकरवरून जखम मोजणाऱ्या अ‍ॅपला माप कळतं. मग ते जखमेची कड आखतं आणि आतला लाल भाग (नवीन मांस), पिवळा (मेलेला बुळबुळीत थर) आणि काळा (कडक खपली) वेगळा काढतं. टाचेच्या गोलाईवर सपाट फोटो फसतो. आणि कातडीखालून पोखरत गेलेली जखम कॅमेऱ्याला दिसतच नाही. तिथे निर्जंतुक काडी हळूच आत घालूनच अंदाज घ्यावा लागतो.

माझी खरी शंका बेडसोअरच्या पहिल्या पायरीबद्दल आहे. तिथे कातडी शाबूत असते, फक्त लाली असते आणि बोटाने दाबली तरी ती पांढरी पडत नाही. सावळ्या पाठीवर ही लाली ओळखणं कठीण. जरा वेगळी झाक, आजूबाजूपेक्षा गरम किंवा घट्ट लागणारा भाग, एवढीच खूण. ती हाताला आधी कळते. गोऱ्या पाठींचेच फोटो बघून शिकलेलं अ‍ॅप आपल्याकडे चुकणारच.

तरीही मला ते हवं आहे, आणि त्यातला फोटो रुग्णाच्या फाइलला जोडलेला, घरच्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरणारा नव्हे. मामाला दुसरीकडे हलवलं तेव्हा त्याच्याबरोबर रक्ताचे रिपोर्ट गेले, एक्स-रे गेले, औषधांची यादी गेली. दुसऱ्या दवाखान्यात सिस्टरने त्याला कुशीवर वळवलं आणि विचारलं, ‘‘ही कधीपासून आहे?’’

मामी माझ्याकडे बघायला लागली, मी मामीकडे.