तळटीप खरी असणं आणि मुद्दा खरा असणं

अमेरिकी लेखक मायकल क्रायटनची ‘स्टेट ऑफ फिअर’ ही कादंबरी डिसेंबर २००४ मध्ये आली. ती आवडलेले वाचक आजही हमखास सांगतात की तळटिपा खऱ्या आहेत, हवं तर तपासा. न आवडलेले तितक्याच ठसक्यात म्हणतात की सगळी थापेबाजी आहे. दोन्ही बाजू संदर्भ आणि निष्कर्ष यांची गल्लत करतात.

कथानक थोडक्यात असं: हवामानबदलाची भीती पसरावी म्हणून अतिरेकी पर्यावरणवादी कृत्रिम आपत्ती घडवतात, अगदी त्सुनामीसुद्धा. जॉन केनर नावाचा प्राध्यापक त्यांच्या मागावर असतो आणि वाटेत भेटेल त्याला वादात गारद करतो. (समोरच्याला लेखकाने मुद्दाम अर्धवट माहिती देऊन पाठवलेलं असतं, हे दुसऱ्या वाचनात जास्त खुपतं.) या वादांच्या खाली खऱ्या शोधनिबंधांचे संदर्भ आहेत, मध्ये तापमानाचे आलेख आहेत. तळटिपा खऱ्या आहेत असं पुस्तकाच्या सुरुवातीलाच छापलंय.

संदर्भ खरा म्हणजे तो निबंध अस्तित्वात आहे आणि त्यात तो आकडा आहे. निष्कर्ष खरा म्हणजे त्या आकड्यातून तोच अर्थ निघतो. पहिली गोष्ट पाच मिनिटांत तपासता येते. दुसरीसाठी अख्खा निबंध वाचावा लागतो, शिवाय त्याच विषयावरचं इतरांचं कामही.

अंटार्क्टिकाचे अभ्यासक पीटर डोरान यांचं उदाहरण घ्या. अंटार्क्टिकातल्या कोरड्या दऱ्या १९८६ ते २००० या काळात दर दशकाला ०.७ अंश सेल्सिअसने थंड झाल्या, हे कादंबरीत येतं. डोरान आणि सहकाऱ्यांच्या २००२ मधल्या निबंधात ते खरोखरच आहे. पण कादंबरीत ते जागतिक तापमानवाढीविरुद्धच्या युक्तिवादाला जुंपलेलं आहे. जुलै २००६ मध्ये डोराननी न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून याला हरकत घेतली. १९६६ ते २००० दरम्यान खंडाचा ५८ टक्के भाग थंड झाला हे त्यांनी मान्यच केलं, पण त्याच काळात उरलेला भाग तापत होता. थंडाव्याचा संबंध ओझोनच्या छिद्राशी असू शकतो, हेही सांगितलं. तापमानवाढ नाकारणाऱ्या शास्त्रज्ञांच्या यादीतून माझं नाव काढा, अशी त्यांची मागणी होती.

नासाचे हवामानशास्त्रज्ञ जेम्स हॅन्सेन यांच्या बाबतीत तर संदर्भाचेच तुकडे झाले. त्यांचा तापमानवाढीचा १९८८ चा अंदाज ३०० टक्क्यांनी चुकला असं कादंबरीत म्हटलंय. हॅन्सेननी तेव्हा अ, ब, क अशा तीन शक्यता मांडल्या होत्या आणि त्यातली ‘ब’ सर्वांत संभाव्य मानली होती. १९९८ मध्ये एका टीकाकाराने अमेरिकी काँग्रेसपुढे फक्त सर्वांत टोकाची ‘अ’ रेषा दाखवली, आणि तेव्हापासून ‘३०० टक्के’ प्रचलित झाले. प्रत्यक्ष तापमान ‘ब’ च्या बरंच जवळ होतं.

आलेखांबाबत मात्र मी क्रायटनच्या चाहत्यांना थोडं झुकतं माप देईन. न्यूयॉर्क शहर तापलं आणि जवळचं वेस्ट पॉइंट तितकं तापलं नाही, हे आलेख शेजारी शेजारी पाहिल्यावर शहरी उष्णतेचा प्रश्न पडायलाच हवा. सिमेंट-डांबरामुळे शहरं गरम होतात हे खोटं नाही. फक्त हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही आधीच पडला होता, म्हणून ते शहरी केंद्रांच्या नोंदींत दुरुस्ती करतात. आणि महासागरांवर सिमेंट नाही, तरी तेही तापलेत. चिलीतल्या पुंता अरेनाससारख्या एखाद्या ठिकाणचा उतरता आलेख खरा असूनही पृथ्वीच्या सरासरीबद्दल फार काही सांगत नाही. ‘थापेबाजी’ म्हणणारे इथे फसतात: आलेख खोटा आहे असं सिद्ध करायला जातात, तो खरा निघतो, आणि वाद हरतात.

ही गल्लत फक्त सामान्य वाचकांची नव्हती. सप्टेंबर २००५ मध्ये हवामानबदल नाकारणारे अमेरिकी सिनेटर जेम्स इनहॉफ यांच्या समितीने क्रायटनना साक्षीला बोलावलं. पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या पेट्रोलियम भूवैज्ञानिकांच्या संघटनेने याच पुस्तकाला पुरस्कार दिला, तोही पत्रकारितेचा. टीका झाल्यावर संघटनेच्या प्रवक्त्याने सांगितलं की ही कादंबरीच आहे, पण ती अगदी खरी वाटते.