शून्य-शून्यच्या सामन्यात जीव टांगणीला का लागतो?

‘आवडता संघ जिंकला की मेंदूत डोपामीन नावाचं रसायन सुटतं आणि आपल्याला आनंद होतो.’ मोठी स्पर्धा जवळ आली की हे वाक्य हमखास वाचायला मिळतं. ते अर्धवट आहे, आणि त्यातला गाळलेला अर्धाच खरा रंजक आहे. विजय मिळाला म्हणून आनंद, इतका सरळ हिशोब असता तर आपला संघ सात-शून्यने पुढे असताना शेवटचा अर्धा तास सर्वांत मजेचा वाटला असता. प्रत्यक्षात त्या वेळी लोक मोबाइल चाळत असतात. काल जिंकलेली मॅच आज पुन्हा पाहिली तर विजय तोच असतो, खेळाडू तेच, फटके तेच. पण छातीतली धडधड गायब असते.

याचं उत्तर मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरच्या प्रयोगांत सापडतं. आधी दिवा लागायचा आणि थोड्या वेळाने फळांच्या रसाचा थेंब मिळायचा. मेंदूतल्या डोपामीन तयार करणाऱ्या पेशी किती वेळा ‘बोलतात’ हे बारीक तारेने मोजलं. सुरुवातीला रस मिळाला की त्या पेशी जोरात बोलायच्या. दिव्यामागोमाग रस येतो हे माकडाला कळल्यावर त्या दिवा लागताच बोलू लागल्या, आणि प्रत्यक्ष रस मिळाला तेव्हा काहीच विशेष नाही. दिवा लावून रस दिलाच नाही, तर नेमक्या रसाच्या वेळी त्या नेहमीपेक्षाही गप्प झाल्या. शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांनी १९९७ साली त्याचा अर्थ एका वजाबाकीत मांडला : जे मिळालं त्यातून जे अपेक्षित होतं ते वजा करा, उरतो तो संकेत. म्हणजे डोपामीन बक्षिसाचं माप सांगत नाही. अंदाज किती चुकला, ते सांगतं.

ही वजाबाकी फुटबॉलच्या पेनल्टीला लावून पाहा. व्यावसायिक सामन्यांत ढोबळमानाने चारांतल्या तीन पेनल्टी गोलात जातात. अपेक्षा ०.७५ धरली तर गोल झाल्यावर अंदाजाची चूक फक्त अधिक ०.२५. गोलरक्षकाने अडवली तर उणे ०.७५, म्हणजे तिप्पट आणि उलट्या दिशेने. अडवलेल्या पेनल्टीवर समोरच्या संघाचे चाहते गोल झाल्यासारखे नाचतात, त्याचं कारण इथे आहे.

२००३ साली शुल्ट्झ यांच्याच गटाने दिवा आणि रस यांच्यामधल्या सुमारे दोन सेकंदांकडे लक्ष दिलं. वेगवेगळ्या खुणा ठेवल्या : एका खुणेनंतर रस कधीच नाही, दुसरीनंतर चारांत एकदा, मग निम्म्या वेळा, मग चारांत तीनदा, आणि एकीनंतर हमखास. रस नक्की मिळणार किंवा नक्की नाही हे ठाऊक असताना वाट बघण्याच्या काळात पेशी शांत होत्या. शक्यता निम्मी होती तेव्हा त्यांचं बोलणं रसाच्या क्षणापर्यंत चढत गेलं. (ही चढण वेगवेगळ्या फेऱ्यांची सरासरी काढल्यामुळे दिसते, असा आक्षेप काही संशोधकांनी घेतला आहे, आणि तो वाद दुर्लक्ष करण्याजोगा नाही.) गोलंदाज धावू लागतो तेव्हा दिवा लागलेला असतो, आणि चेंडू फलंदाजापर्यंत पोचेपर्यंतचे काही सेकंद म्हणजे हीच वाट.

आता मूळ प्रश्नाकडे. ज्या सामन्यात एक तास काहीच घडलेलं नाही, त्यात धाकधूक वाढत का जाते? इथे थोडं गणित करावंच लागेल, पण ते देखणं आहे.

दोन तुल्यबळ संघ घ्या. प्रत्येकाचे ९० मिनिटांत सरासरी १.३ गोल होतात, आणि गोल कोणत्याही मिनिटाला सारख्याच शक्यतेने पडू शकतो असं धरा. दुर्मीळ आणि एकमेकांवर अवलंबून नसलेल्या घटना मोजायला पॉइसनचं सूत्र वापरतात, तेच इथे चालतं. सुरुवातीला आपला संघ जिंकण्याची शक्यता ३७ टक्के, हरण्याची ३७ आणि बरोबरीची २६. पहिल्याच मिनिटाला आपण गोल केला तर जिंकण्याची शक्यता ६३ होते. उडी २६ टक्क्यांची.

आता तोच गोल मध्यंतराला, शून्य-शून्य असताना करा. ३० वरून ७०. उडी ४० ची. ८०व्या मिनिटाला करा : १२ वरून ८८, उडी ७६ ची. ८९व्या मिनिटाला दीड टक्क्यावरून थेट साडेअठ्ठ्याण्णवच्या घरात. उलट आपण तीन-शून्यने पुढे असताना तासाभराच्या खेळानंतर चौथा गोल केला, तर जिंकण्याची शक्यता आधीच ९९ च्या पुढे असते. ती एका टक्क्यानेही हलत नाही.

हे आकडे पुन्हा पाहिले तर त्यांत एक सुंदर गोष्ट लपलेली दिसेल. शून्य-शून्य असताना जिंकायचं तर उरलेल्या वेळात आपले गोल समोरच्यापेक्षा किमान एकाने जास्त हवेत. एक गोल झाल्यावर उरलेल्या वेळात नुसते सारखे झाले तरी भागतं. या दोन शक्यतांमधला फरक म्हणजे ‘उरलेल्या वेळात दोघांचे गोल सारखेच होणं’, आणि तीच तर बरोबरीची शक्यता. म्हणून बरोबरीत असताना पडणाऱ्या गोलाची उडी त्या क्षणाच्या बरोबरीच्या शक्यतेइतकीच असते : सुरुवातीला २६, ८०व्या मिनिटाला ७६. घड्याळ पुढे सरकतं तशी बरोबरी पक्की होत जाते, आणि ती जितकी पक्की, तितकी ती मोडणाऱ्या गोलाची किंमत जास्त.

जेफ्री एली, अलेक्झांडर फ्रँकेल आणि एमीर कामेनिका या अर्थशास्त्रज्ञांनी २०१५ साली यावर एक सिद्धान्त मांडला. त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. धक्का म्हणजे आत्ता आपला अंदाज किती हलला. धाकधूक म्हणजे पुढच्या क्षणी तो किती हलू शकतो. ती मोजायला प्रत्येक संभाव्य उडीचा वर्ग करून तिला तिच्या शक्यतेने गुणायचं आणि बेरीज करायची. आपल्या उदाहरणात पुढच्या मिनिटात गोल पडण्याची शक्यता पहिल्या मिनिटाला आणि ८०व्या मिनिटाला सारखीच आहे, तीन टक्क्यांच्या आसपास. उडी मात्र जवळपास तिप्पट, आणि वर्ग केल्यावर आठपटींहून जास्त. मैदानावर काहीच घडत नसताना हा आकडा मिनिटामिनिटाला फुगत असतो. शून्य-शून्यला कंटाळवाणा म्हणणारे स्कोअरबोर्ड बघतात. चाहत्याचा मेंदू हा दुसरा आकडा बघत असतो.

आपल्या या हिशोबात कच्चे दुवे आहेत. प्रत्यक्षात उत्तरार्धात गोल जास्त पडतात, लाल कार्ड मिळालं की दोन्ही संघांचे दर बदलतात, आणि आघाडीवरचा संघ बचावाला चिकटतो. आकडे थोडे हलतील, त्यांची चढती चाल तीच राहील. २००५ च्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात मध्यंतराला मिलान ३-० ने पुढे होतं. आपल्या साध्या हिशोबाने लिव्हरपूलने तिथून किमान बरोबरी साधण्याची शक्यता साठांत एक. त्यांनी ५४व्या ते ६०व्या मिनिटांत तीन गोल केले आणि पेनल्टींवर चषक नेला. तो धक्क्याचा सामना. धाकधुकीचा नमुना हवा असेल तर २०१९ च्या क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना घ्या : शेवटच्या चेंडूवर इंग्लंडला दोन धावा हव्या होत्या, एक झाली आणि रन आउट, दोन्ही संघ २४१. मग सुपर ओव्हरमध्ये शेवटच्या चेंडूवर न्यूझीलंडला दोन हव्या होत्या, पुन्हा एक आणि पुन्हा रन आउट. दोनदा सगळा निकाल एकेका चेंडूवर येऊन थांबला.

मग कुणाची तरी बाजू घ्यायची कशाला? शक्यता तर तटस्थ प्रेक्षकासाठीही तितकीच हलते. पण त्या उडीला कशाने तरी गुणावं लागतं, आणि तो गुणक म्हणजे आपलेपणा. रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी १९७६ साली अमेरिकेतल्या सात विद्यापीठांत पाहिलं की आपला संघ जिंकल्यानंतरच्या सोमवारी विद्यापीठाचं नाव असलेले कपडे घालून येणारे विद्यार्थी वाढतात. दुसऱ्या प्रयोगात विद्यार्थ्यांना फोनवर विचारलं तेव्हा विजयाबद्दल बोलताना ‘आपण जिंकलो’ जास्त वेळा आलं, पराभवाबद्दल बोलताना कमी. गुणक शून्य असलेला माणूस खेळाचं कौशल्य बघू शकतो, तेही मोठं सुख आहे. पण त्याचा जीव टांगणीला लागत नाही.

हा गुणक शरीरालाही लागू होतो. २००६ चा फुटबॉल विश्वचषक जर्मनीत झाला, तेव्हा म्युनिक परिसरात जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी हृदयविकाराच्या तातडीच्या घटना नेहमीच्या २.६६ पट नोंदल्या गेल्या, आणि सर्वाधिक घटना सामना सुरू झाल्यावरच्या पहिल्या दोन तासांतल्या होत्या. हृदयविकार असलेल्यांनी सामन्याच्या नादात गोळी चुकवू नये, आणि छातीत दुखलं तर ‘सामना संपू दे’ म्हणून थांबू नये.

‘मी बघायला बसलो की विकेट पडते’ ही समजूत मात्र सोडूनच द्यावी. बरोबरी सोडून दिली, तर तुल्यबळ संघांचे पाच सामने बघून पाचही हरण्याची शक्यता ३२ मध्ये एक. वेगवेगळे पाच सामने बघणारे ३,२०० चाहते घेतले तर त्यांतले शंभरेक निव्वळ योगायोगाने ‘अपशकुनी’ ठरतील. पडताळा सोपा आहे : प्रत्येक सामन्याआधी नाणं उडवा, छापा आला तर बघा, काटा आला तर बघू नका, आणि निकाल लिहून ठेवा. किमान वीस सामने तरी करा, मधली नोंद गाळू नका. जिंकल्यावर ‘आज मी तसा नीट बघत नव्हतो’ अशी पळवाट निघते, म्हणून नाणं आधी आणि नोंद लगेच.

धाकधूक नासवणारी खरी गोष्ट वेगळीच आहे : उशिराचं प्रक्षेपण. इंटरनेटवर चित्राचे काही सेकंदांचे तुकडे पाडून, साठवून मग दाखवले जातात, त्यामुळे ते टीव्हीपेक्षा अनेकदा २० ते ४० सेकंद मागे असतं. शेजारच्या घरातून आरोळी आली की दिवा लागला. तुमच्या पडद्यावर गोल होतो तेव्हा अंदाजाची चूक शून्य, माकडाच्या ठरलेल्या रसासारखी. म्हणून एका खोलीत एकच पडदा ठेवा, आणि स्कोअर सांगणाऱ्या सूचना सामन्यापुरत्या बंद करा; त्या चित्राच्या आधी पोचतात. रेकॉर्ड केलेला सामना बघताना चित्रफितीची एकूण लांबीही झाका. पाठलागाचं दहावं षटक चालू आहे आणि खाली पाचच मिनिटं उरलेली दिसली, तर पुढच्या सगळ्या विकेट तुम्हाला आधीच कळलेल्या असतात.