माप-वजन रूपांतर (बेकिंग)

माप-वजन रूपांतर (बेकिंग) : मैदा, साखर, लोणी इ. जिन्नसांचे कपाने वा चमच्याने दिलेले माप ग्रॅममध्ये, किंवा ग्रॅममधील वजन मापात, बदलून घेण्याची रीत. १ मिलि. पाणी जवळजवळ १ ग्रॅ. भरते, बाकीच्या जिन्नसांना ही सोय नाही, कारण कोरड्या पदार्थाच्या मापात कणांमधली हवाही धरली जाते. अमेरिकन कपात (२३६.६ मिलि.) साखर सु. २०० ग्रॅ., लोणी २२७ ग्रॅ. आणि मध सु. ३४० ग्रॅ. मावतो.

मैद्याला मात्र एकच आकडा देता येत नाही. चमच्याने हलक्या हाताने भरून वरची शीग सुरीने काढली, तर कपात १२० ते १२५ ग्रॅ. बसतो, कप थेट डब्यात खुपसला, तर १५० ग्रॅ.पर्यंतही जातो. हा फरक सु. २० टक्क्यांचा असून केक घट्ट व कोरडा होण्यास तेवढा पुरतो. ‘चाळलेला मैदा १ कप’ आणि ‘१ कप मैदा, चाळून’ ही मापेही एक नव्हेत. पहिल्यात मैदा कमी येतो. छापील कोष्टकांतील तफावतीचे मूळ बहुधा भरण्याच्या पद्धतीत असते.

कपाच्या आकाराचा घोळ जुना आहे. अमेरिकन कप हा तेथील पाइंटचा (गॅलनच्या आठव्या भागाचा) अर्धा भाग. हा पाइंट २३१ घन इंचांच्या जुन्या इंग्रजी ‘वाइन गॅलन’वरून आला. ब्रिटनने १८२४ मध्ये १० पौंड पाण्यावर आधारलेला मोठा गॅलन स्वीकारला. अमेरिकेने जुनाच ठेवला. म्हणून ब्रिटिश अर्धा पाइंट २८४ मिलि. भरतो. ऑस्ट्रेलियात कप २५० मिलि. व मोठा चमचा २० मिलि. (इतरत्र बहुधा १५), जपानात कप २०० मिलि.; तांदळाचा जपानी कप १८० मिलि. अमेरिकेतील पोषणमूल्यांच्या लेबलांवर कप २४० मिलि. धरतात.

अमेरिकेतील घरांत वजनाऐवजी कप का रुळला, याविषयी मतभेद आहेत. पश्चिमेकडे निघालेल्या वसाहतवाल्यांना गाड्यांतून तराजू नेणे जड जाई, असे लोकप्रिय स्पष्टीकरण आहे. ते ऐकायला पटते, पण त्याला आधार तोकडा वाटतो. अमेरिकन लेखिका अमीलिया सिमन्स यांच्या १७९६ च्या पाकपुस्तकात पौंड (वजन) आणि पाइंट (आकारमान) दोन्ही आढळतात. कपाला ठरावीक रूप येण्याचे श्रेय सहसा बॉस्टनच्या पाकशाळेतील फॅनी फार्मर यांना (१८९६ चे पाकपुस्तक) देतात. सपाट मापाचा आग्रह त्यांनी घरोघरी पोचवला हे खरे. तथापि त्याच पाकशाळेच्या मेरी लिंकन यांच्या १८८४ च्या पुस्तकात मापांचे कोष्टक होतेच. तेव्हा फार्मर यांना प्रवर्तक म्हणण्यापेक्षा प्रसारक म्हणणे अधिक रास्त.

व्यावसायिक भट्टीत मैदा १०० धरून पाणी, मीठ, यीस्ट यांची टक्केवारी वजनावर काढतात. तेथे रूपांतराची गरज फारशी पडत नाही. मिठाच्या बाबतीत दाण्याचा आकार पाहावा लागतो : बारीक मीठ लहान चमचाभर सु. ६ ग्रॅ., तर पापुद्र्यांचे जाडे मीठ त्याच्या निम्म्याच्या आसपास.

महाराष्ट्रात चिपटे, मापटे, शेर, पायली ही धान्याची मापे आकारमानाची होती (२ मापटी = १ शेर, ४ शेर = १ पायली); शेर वजनाचाही असे. मराठी पाककृतींतील वाटीला मात्र प्रमाणित आकार नाही.