संख्यासंच ‘बंदिस्त’ कसे झाले

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी शाळांत हा धडा ठरलेल्या क्रमाने येतो. नैसर्गिक संख्यांत ५ मधून ८ जात नाहीत, म्हणून पूर्णांक घ्यायचे. ७ ला २ ने भागल्यावर पूर्णांक मिळत नाही, म्हणून परिमेय संख्या, म्हणजे अपूर्णांकही. संचातल्या कोणत्याही दोन संख्यांवर क्रिया करून उत्तर त्याच संचात राहिलं, की तो संच त्या क्रियेसाठी बंदिस्त. शिकवायला सोयीचा क्रम आहे. घडलं मात्र असं नाही.

अपूर्णांक ऋण संख्यांच्या कितीतरी आधीचे. बेळगाव १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होतं. त्या काळात शाळेत गेलेल्यांना विचारा: पावकी, निमकी, पाऊणकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे आधी पाठ, ऋण चिन्ह फार नंतर. तेव्हा रुपयाच्या १९२ पै होत, त्यामुळे तो तिघांत वाटला तरी ५ आणे ४ पै असा हिशेब चोख बसे. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले आणि तिघांची वाटणी अडली. खरं तर पैही भागाकारासाठी बंदिस्त नव्हत्याच. १९२ ला भाग पुष्कळ जातात, म्हणून ते जाणवत नसे.

ऋण संख्यांचे नियम ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये धन आणि ऋण, म्हणजे मालमत्ता आणि कर्ज, या भाषेत दिले. शून्याला शून्याने भागल्यास शून्य, हे त्याचं म्हणणं पुढे टिकलं नाही. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातला गणिती महावीर आणि बाराव्या शतकातला भास्कराचार्य, दोघांनीही ऋण संख्येला वर्गमूळ नाही असं बजावलं. (भास्कराचार्यांचं गाव विजापूरकडचं की चाळीसगावजवळचं, हा वाद अजून चालतो. सीमाभागाला त्याचं नवल ते काय!) कुंपण दोघांनाही दिसलं होतं. ते ओलांडायला नवी संख्या मानावी, असं त्यांना वाटलं नाही.

‘बंदिस्त असणं’ हाच व्याख्येचा पाया झाला तो फार उशिरा. १८७१ मध्ये जर्मन गणिती डेडेकिंडने बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार या चारही क्रियांखाली बंदिस्त असलेल्या संख्यांच्या समूहाला स्वतंत्र नाव दिलं. तोवर पूर्णांक, परिमेय आणि ऋण संख्येलाही वर्गमूळ देणाऱ्या संमिश्र संख्या सगळ्या वापरात आल्या होत्या. त्याच्या भागाकारात भाजक शून्य चालत नाही. भास्कराचार्यांनी शून्य छेद असलेल्या राशीला ‘खहर’ म्हणून आत घेतलं होतं. आजच्या व्याख्येत तिला जागा नाही.